थंडी बाहेर, धूर घरात

दिवाळी सरली, भाताची खाचरे मोकळी झाली, झोडणी-मळणी उरकली की आंबेगाव तालुक्याच्या पश्चिम टोकाला थंडीचा अंमल सुरू होतो. डिंभे धरणाच्या पाण्याला वळसा घालीत रस्ता वर चढतो आणि सह्याद्रीच्या ऐन कड्यावर आहुपे गाव लागते. घोड नदीचा उगम याच परिसरातला. कड्याच्या काठावर उभे राहिले की खाली मुरबाड तालुका, समोर गोरखगड-मच्छिंद्रगडाचे सुळके आणि तोंडावर भणाणता वारा. पावसाळ्यात इथे धबधबे पाहायला पुण्या-मुंबईची माणसे येतात. थंडीत मात्र गावकरी आणि त्यांच्या शेकोट्या, एवढेच.

घोडेगाव, मंचर, जुन्नर, नारायणगावच्या वाचकांना वाटेल की कड्यावरच्या गावाची थंडी आम्हाला कशाला सांगता? पण हिवाळ्यातले आजार समजून घ्यायला अशा गावासारखी दुसरी जागा नाही. तिथे जे उघडपणे दिसते तेच तुमच्या-आमच्या घरात थोड्या झाकल्या रूपात घडत असते. शिवाय गारठा काही कड्यावरच असतो असे नव्हे. थंड हवा जड असते. रात्री आभाळ निरभ्र असले की ती डोंगरउतारावरून घरंगळत खाली येते आणि नदीकाठच्या सखल भागात साचते. घोड, मीना, कुकडी यांच्या काठची गावे पहाटे गारठतात ती यामुळेच. कड्यावर वारा झोंबतो, खोऱ्यात गारवा साचतो, इतकाच काय तो फरक.

आपल्याकडच्या थंडीत धडधाकट माणूस गारठून दगावला असे क्वचितच ऐकू येते. थंडी घात करते ती तान्ह्या बाळांचा आणि म्हाताऱ्या माणसांचा. आणि त्याहून लक्षात न येणारी गोष्ट अशी की पुष्कळदा थंडीपेक्षा तिच्यावर आपण करतो तो उपायच महागात पडतो. तो उपाय म्हणजे बंद घरातली आग.

पूर्वी आहुप्याकडची घरे कुडाची असत. कारवीच्या काटक्यांच्या भिंती, वर शेणामातीचा लेप, छपराला गवत किंवा कौले. माणसे आणि गुरे एकाच छपराखाली. मधोमध चूल, रात्रभर धुमसणारे एखादे जाड ओंडके. धूर होईच, पण तो कौलांच्या फटींतून, गवताच्या छपरातून हळूहळू वर निघून जाई. आता घरे सुधारली. विटा-सिमेंटच्या भिंती आल्या, पत्रे आले, कोठे स्लॅब पडला. ही चांगलीच गोष्ट झाली. पण चूल तीच राहिली, फटी मात्र बुजल्या. त्यात थंडी म्हणून खिडकीला पोते लावायचे, दाराच्या फटीत चिंधी कोंबायची. मग धुराने जायचे कोठून? तो घरातल्यांच्या छातीत जातो.

उज्ज्वला योजना २०१६ साली सुरू झाली आणि पुष्कळ घरांत गॅसची शेगडी आली. चहा, भाजी तिच्यावर होते. पण आंघोळीचे पाणी तापवायला, भाकरी थापायला आणि मुख्य म्हणजे ऊब घ्यायला चूलच लागते. सिलिंडर भरून आणायचा तर पैसे मोजावे लागतात, सरपण रानात फुकट मिळते. तेव्हा 'चूल बंद करा' असा उपदेश करण्यात अर्थ नाही. ती पेटवायची कशी, कोठे आणि कोणाच्या शेजारी, याचाच विचार आपण करू.

धूर नेमका काय करतो? ओले किंवा अर्धवट वाळलेले लाकूड नीट जळत नाही. त्याच्या धुरात काजळीचे इतके बारीक कण असतात की ते नाकात अडकत नाहीत, थेट फुप्फुसाच्या टोकापर्यंत पोचतात. वर्षानुवर्षे असा धूर घेणाऱ्या बाईला चाळिशी-पन्नाशीत दम लागू लागतो. पाण्याची कळशी उचलली की धाप लागते, सकाळी खोकल्याची उबळ येते, छातीत घरघर होते. 'वय झालं' म्हणून ती गप्प बसते. खरे तर विडी-सिगारेट ओढणाऱ्याला जडतो तोच हा श्वासनळ्यांचा आजार. पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे डॉ. पीटर बार्न्स यांनी २००९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात याच प्रश्नावर लिहिले. कधी विडी न ओढलेल्यांनाही हा आजार मोठ्या प्रमाणावर होतो आणि त्यामागे चुलीचा धूर हे एक प्रमुख कारण आहे, हे त्यांनी मांडले. अशा बाईला दर हिवाळ्यात त्रास वाढतो, कारण थंड कोरड्या हवेने श्वासनळ्या आकसतात आणि त्यात बंद घरातला धूर भर घालतो.

निर्धूर चुलीचा सरकारी कार्यक्रम १९८० च्या दशकात गावोगाव झाला होता, तो जुन्या वाचकांना आठवत असेल. कल्पना उत्तम होती. पण धुरांडे काजळीने तुंबले की धूर उलटा घरात येई आणि कंटाळून लोक नळी काढून टाकत. ज्यांच्या घरी आजही धुरांडे आहे त्यांनी महिन्यातून एकदा ते झाडून काढावे. ज्यांच्याकडे नाही त्यांनी एक साधी युक्ती करावी. धूर गरम असतो, म्हणून तो वर जातो. गार झोत मात्र दाराखालून, जमिनीलगत येतो. तेव्हा खालच्या फटी खुशाल बुजवा, पण चुलीच्या बरोबर वर छपराजवळ वीतभर झरोका कायम उघडा ठेवा. दोन कौले उचलून खाली दगडाची चीप सारली तरी काम होते. वरून उघडे, खालून बंद. याने ऊब फारशी जात नाही, धूर मात्र निघून जातो. आपण बहुतेक जण नेमके उलटे करतो. वरची खिडकी घट्ट लावतो आणि दाराखालून वारा येतच राहतो.

सरपण पावसाळ्यापूर्वीच भरून, कोरड्यात रचून ठेवावे हे आहुप्याच्या बायकांना मी सांगायची गरज नाही. लहान फोडलेले, खडखडीत वाळलेले लाकूड कमी धूर करते.

आता निखाऱ्यांविषयी. कोळशाची शेगडी किंवा घमेल्यातले निखारे धूर करीत नाहीत, म्हणून लोकांना ते निर्धोक वाटतात आणि झोपताना खोलीत घेतात. हा गैरसमज जीवघेणा आहे. निखाऱ्यातून कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. तो रक्तातल्या हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा दोनशेपटीहून अधिक घट्ट चिकटतो आणि प्राणवायूची जागा अडवून बसतो. आधी डोके दुखते, मळमळते, ग्लानी येते. झोपलेल्या माणसाला तेही कळत नाही. दर हिवाळ्यात देशात कोठे ना कोठे बंद खोलीत शेगडी ठेवून झोपलेले कुटुंब सकाळी उठत नाही, अशी बातमी वर्तमानपत्रात येते. शेकायचे तेवढे शेकावे, पण अंथरुणावर पडण्यापूर्वी शेगडी बाहेर अंगणात ठेवावी. घरात शेकणाऱ्या दोघा-तिघांचे एकदमच डोके दुखू लागले तर सर्दी समजू नये, दार उघडून सगळ्यांनी बाहेर यावे आणि दवाखाना गाठावा.

बाळ-बाळंतीण

हा सगळा प्रपंच मी ज्याच्यासाठी मांडला तो मुद्दा इथे येतो. थंडीत ज्या घरी बाळंतपण होते तिथे बाळंतिणीची खोली सर्वांत आतली, सर्वांत अंधारी आणि सर्वांत बंद असते. बाजेखाली शेगडी, तिच्यावर ओवा, बाळंतशेपा, वावडिंग टाकून धुरी. आंघोळ झाली की बाळाला त्या धुरीवर धरायचे. ही रीत फक्त डोंगरातली नाही. मंचरच्या सिमेंटच्या घरातही ती आहे आणि पुण्यात फ्लॅटमध्ये राहणारी आजीही ती सोडीत नाही.

आज्यांवर माझा राग नाही. बाळाला ऊब हवी हे त्यांना पक्के ठाऊक होते आणि त्यात त्यांचे काही चुकत नव्हते. नवजात बाळाचे वजन कमी, पण त्या मानाने अंगाची त्वचा जास्त, चरबी पातळ. त्यामुळे मोठ्या माणसापेक्षा ते कितीतरी लवकर गार पडते. अडीच किलोपेक्षा कमी वजनाचे असेल तर अधिकच. गार पडलेले बाळ रडत नाही, सुस्त होते, अंगावर ओढत नाही. घरच्यांना वाटते, किती शांत आहे! बाळाचे शरीर साडेछत्तीस अंश सेल्सिअसच्या खाली जाऊ नये, हे पाहायचे असते. पण थर्मामीटर नसला तरी हात आहेच. आपल्या हाताची पाठ आधी बाळाच्या पोटाला लावा, मग तळपायाला. पोट आणि तळपाय दोन्ही उबदार असले तर ठीक. पोट उबदार आणि तळपाय गार असले तर बाळाला थंडी वाजते आहे, ऊब वाढवा. दोन्ही गार लागले तर बाळ संकटात आहे, ताबडतोब छातीशी धरून दवाखान्याकडे निघा.

ऊब हवी, पण आगीची नको. बाळाला सर्वांत चांगली ऊब आईच्या अंगाची. कोलंबियातील बोगोटा शहरात १९७८ साली डॉ. एडगर रे यांच्या रुग्णालयात काचेच्या पेट्या पुरत नव्हत्या. तेव्हा त्यांनी कमी वजनाची बाळे आईच्या छातीशी, उघड्या अंगाला अंग लावून बांधून ठेवायला सुरुवात केली. कांगारूची मादी पिलाला पिशवीत ठेवते तसे. बाळे जगू लागली. आज जागतिक आरोग्य संघटना कमी वजनाच्या प्रत्येक बाळासाठी हीच पद्धत सुचवते, आणि तीही दिवसातून किमान आठ तास. बाळाच्या अंगावर फक्त लंगोट आणि टोपडे, ते आईच्या छातीवर उभे, वरून लुगडे आणि गोधडी. आई दमली तर आजीने, बापाने धरावे. बापाच्या छातीलाही तेवढीच ऊब असते, हे सांगितले की आपल्याकडे हसतात. हसू द्या.

याबाबतीत महाराष्ट्राने जगाला शिकवले आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने ३९ खेड्यांत गावातल्याच शिकवलेल्या बायकांकडून घरोघरी नवजात बाळांची काळजी घेतली. बाळाला उबदार पिशवीत ठेवणे, वजन करणे, अंगावर पाजण्यास मदत करणे, जंतुदोष ओळखून औषध देणे अशी ती कामे. १९९९ साली 'लॅन्सेट'मध्ये त्यांनी निष्कर्ष प्रसिद्ध केले तेव्हा या गावांतले नवजात मृत्यूंचे प्रमाण ६२ टक्क्यांनी घटल्याचे दिसले. काचेची पेटी नाही, वीज नाही, जवळ मोठे रुग्णालय नाही, अशा गावांत हे झाले. पुढे २०११ पासून देशभर आशा कार्यकर्त्या नवजात बाळाच्या घरी ठरलेल्या दिवशी भेट देऊ लागल्या त्या याच अनुभवावरून. तेव्हा आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या दिवशी दारात आली तर 'बाळ झोपलंय, नंतर या' असे सांगून तिला परत पाठवू नये. बाळाचे वजन करू द्यावे, हात-पाय पाहू द्यावेत.

आंघोळीचेही सांगतो. जन्मल्यावर पहिले २४ तास बाळाला न्हाऊ घालू नये. कोरड्या मऊ फडक्याने पुसून आईच्या छातीशी द्यावे. वजन कमी असेल तर पुढेही काही दिवस ओल्या फडक्याने पुसणे पुरे. पुढच्या आंघोळी दुपारच्या उन्हाच्या वेळी, आडोशाला, पटकन उरकाव्यात आणि अंग लगेच कोरडे करावे. तेल लावून चोळण्याला हरकत नाही, पण नाकात, कानात तेल सोडू नये. नाकातले तेल थेट फुप्फुसात उतरू शकते. एक वर्षाच्या आत मध चाटवू नये. टोपडे आणि कुंची मात्र जरूर घालावी, कारण बाळाच्या अंगातली बरीच ऊब डोक्यातून जाते. धुरी द्यायचीच असेल तर बाळ-बाळंतीण बाहेर असताना खोलीला द्यावी आणि धूर विरल्यावर त्यांना आत न्यावे. आजीचाही मान राहतो आणि बाळाची छातीही वाचते.

श्वास मोजायला शिका

हिवाळ्यात लहान मुलांना सर्दी-खोकला होणारच. दहांतल्या बहुतेकांना तो आपोआप बरा होतो. त्याला प्रतिजैविकाच्या गोळ्या, इंजेक्शन, सलाईन काही लागत नाही. कोमट पाणी, अंगावरचे दूध, वर्षावरच्या मुलाला चमचाभर मध, एवढे पुरते. प्रश्न असतो तो यातला न्यूमोनिया वेळेवर ओळखण्याचा. आणि ते काम डॉक्टरआधी आईच करू शकते. त्याला नळी लागत नाही, घड्याळ लागते.

मूल शांत असताना, रडत किंवा अंगावर पीत नसताना, झबले वर करावे. पोट एकदा वर आले की एक श्वास. पूर्ण एक मिनिट मोजावे, अर्धे मिनिट मोजून दुप्पट करू नये. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे श्वास मिनिटाला ६० किंवा अधिक, दोन महिने ते एक वर्षाच्या बाळाचे ५० किंवा अधिक, एक ते पाच वर्षांच्या मुलाचे ४० किंवा अधिक भरले तर तो साधा खोकला नव्हे. श्वास घेताना बरगड्यांखाली छाती आत ओढली जात असेल, मूल काही पीत नसेल, कण्हत असेल, ओठ निळसर पडले असतील तर सकाळची वाट पाहू नये. दोन महिन्यांच्या आतले बाळ असेल तर नुसते श्वास जलद असणेही पुरेसे आहे, लगेच निघावे.

हे मोजणे अवघड नाही. गडचिरोलीतल्या निरक्षर दाईंनाही ते जमावे म्हणून बंग दांपत्याने मणी आणि एका मिनिटाचे वाळूचे घड्याळ असे साधे साधन तयार केले होते. श्वास जलद दिसला की गावातच औषध सुरू करायचे, या पद्धतीने न्यूमोनियाने होणारे बालमृत्यू तिथे ५४ टक्क्यांनी कमी झाले, हे १९९० सालीच प्रसिद्ध झाले आहे. केंद्र सरकारची 'सांस' मोहीम २०१९ पासून थंडीच्या महिन्यांत राबवली जाऊ लागली तीही याच आजारासाठी. लसही आहे. न्यूमोकोकल लस २०२१ पासून देशभर सरकारी लसीकरणात मोफत मिळू लागली. दीड महिना, साडेतीन महिने आणि नऊ महिने अशा तीन वेळा ती द्यायची असते. कार्ड काढून पाहा, तिसरा डोस पुष्कळांचा राहिलेला असतो.

आहुप्यासारख्या गावाला वेळेचे मोल जास्त आहे. घोडेगावचे ग्रामीण रुग्णालय किंवा मंचरचे उपजिल्हा रुग्णालय गाठायचे तर घाटरस्ता उतरून धरणाला वळसा घालावा लागतो. १०८ क्रमांकाची मोफत रुग्णवाहिका २०१४ पासून राज्यात आहे, पण डोंगरात फोनला रेंज मिळेलच असे नाही. म्हणून ज्या घरात तान्हे बाळ आहे त्यांनी दोन गोष्टी आधीच ठरवून ठेवाव्यात. गावात रात्री कोणाची गाडी मिळेल आणि फोन कोठून लागतो. वाटेत बाळ आईच्या छातीशी, गोधडीत. गाडीची काच बंद. पीत असेल तर वाटेतही पाजत राहावे.

म्हातारी माणसे

कार्तिक महिन्यात पहाटे उठून गार पाण्याने स्नान करण्याची, काकड आरतीला जाण्याची आपली परंपरा आहे. श्रद्धेच्या आड मी येत नाही. पण ज्यांना रक्तदाबाचा किंवा हृदयाचा विकार आहे त्यांनी एवढे लक्षात घ्यावे की थंडीत कातडीखालच्या रक्तवाहिन्या आकसतात, त्यामुळे रक्तदाब वाढतो आणि हृदयावर ताण येतो. अंगावर एकदम गार पाणी ओतले की तो ताण झटक्यात येतो. हृदयविकाराचे आणि पक्षाघाताचे झटके हिवाळ्यात, त्यातही सकाळच्या प्रहरी जास्त येतात ते यामुळे. देवाला कोमट पाण्याची आंघोळ चालते. फिरायला जायचे ते ऊन पडल्यावर जावे, कानटोपी घालावी. 'बरे वाटते' म्हणून रक्तदाबाची गोळी बंद करण्याची खोड आपल्याकडे फार आहे, थंडीत ती विशेष नडते. सुकट, बोंबील, लोणचे, पापड यांतले मीठही बेतानेच. कोणाचे तोंड वाकडे झाले, एक हात उचलेना, बोबडी वळली तर मालिश करीत बसू नये. पहिल्या साडेचार तासांत मोठ्या रुग्णालयात पोचले तर रक्ताची गुठळी विरघळवणारे औषध देता येते.

थंडी मारायला थोडी घेतली, असे सांगणारे सगळीकडे भेटतात. दारूने कातडीकडे रक्त धावते, म्हणून क्षणभर गरम वाटते. पण त्याच वाटेने अंगातली ऊब बाहेर जाते. पिऊन उघड्यावर झोपलेला माणूस सर्वांत लवकर गारठतो. अशा माणसाशेजारी तान्हे बाळ कधीही झोपवू नये.

याच दिवसांत पश्चिमेकडची पुष्कळ कुटुंबे मजुरीसाठी खाली बागायती पट्ट्यात उतरतात. नारायणगावला पहाटे मजुरांचा बाजार भरतो तो सर्वांच्या पाहण्यातला आहे. कांद्याची लागण गार चिखलात उभे राहून करायची, रात्री शेतातल्या पालात जमिनीवर झोपायचे, बरोबर पोरेबाळे. शेतमालकांना माझी विनंती आहे की निदान अंथरायला कडब्याचा किंवा पेंढ्याचा जाड थर आणि एक पक्का आडोसा त्यांना द्यावा. अंगावर दोन गोधड्या घेण्यापेक्षा अंगाखाली एक घातलेली जास्त ऊब देते, कारण जमीन ऊब शोषून घेते. आणि रात्री वीज आली म्हणून गव्हाला पाणी द्यायला जाणाऱ्या शेतकऱ्यांनी कोरड्या कपड्यांचा एक जोड बरोबर न्यावा. ओले कपडे अंगावर वाळवू नयेत.

खाणे आणि हिरडा

हिवाळ्यात भूक लागते, खाल्लेले पचते. आयुर्वेदात हेमंत ऋतूत अग्नी प्रबळ असतो असे म्हटले आहे आणि स्निग्ध, पौष्टिक आहार सांगितला आहे. मात्र तो दिवसभर अंगमेहनत करणाऱ्याला. गादीवर बसून हिशेब लिहिणाऱ्याने रोज डिंकाचे दोन लाडू खाल्ले तर ऋतू बिचारा काय करणार!

आपल्या भागात थंडीचे खाणे मुळात शहाणपणाचे आहे. नाचणीत शंभर ग्रॅमला सुमारे साडेतीनशे मिलिग्रॅम कॅल्शियम असते, तांदळात त्याचा मागमूसही नसतो. बाळंतिणीला आणि म्हाताऱ्यांना नाचणीची भाकरी किंवा आंबील द्यावी. आंबट नको असेल तर गरम पेज. खुरासणीची चटणी, तीळ-गूळ, भोगीची मिसळीची भाजी आणि बाजरीची भाकरी हे सगळे या दिवसांतलेच. हुलग्याचे शेंगोळे तर जुन्नर-आंबेगावची खासियत. लसूण-मिरचीच्या झणझणीत रश्शात शिजलेले हे गरम शेंगोळे म्हणजे एकाच ताटात प्रथिने, पातळ पदार्थ आणि ऊब. हॉटेलातल्या सूपला त्याची सर नाही, असे माझे प्रामाणिक मत आहे. आवळा याच दिवसांत पिकतो. एक आवळा रोज खावा. तहान लागत नाही म्हणून पाणी कमी पिऊ नये. थंडीत बद्धकोष्ठ होते ते बहुधा त्यामुळेच.

आणि हिरडा. आहुप्यापासून भीमाशंकरपर्यंतच्या रानात, जुन्नरच्या पश्चिम भागात हिरड्याची झाडे विपुल आहेत. बाळहिरडा गोळा करून, वाळवून विकणे हे इथल्या महादेव कोळी कुटुंबांचे नगदी उत्पन्न. सोळाव्या शतकातल्या 'भावप्रकाश' ग्रंथात प्रत्येक ऋतूत हिरडा कशाबरोबर घ्यावा हे सांगितले आहे. हेमंतात सुंठीबरोबर, शिशिरात पिंपळीबरोबर. जेवणानंतर चिमूटभर चूर्ण कोमट पाण्याबरोबर घेतल्यास मोठ्या माणसाचे पोट साफ राहते. घशात खवखव असेल तर तुकडा तोंडात धरण्याचीही रीत आहे. मात्र गरोदर स्त्रियांनी आणि अशक्त माणसांनी हिरडा घेऊ नये आणि सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला तो गुटीतूनही उगाळून देऊ नये. त्या वयात आईचे दूध पुरे आहे. जी वस्तू पोती भरभरून बाजारात जाते तिचे चार दाणे आपल्या घरात ठेवायला हरकत नाही.

राहिल्या टाचांच्या भेगा. चिखलात आणि दगडधोंड्यांत अनवाणी चालणाऱ्यांना त्या पडतातच. रात्री पाय कोमट पाण्यात दहा मिनिटे भिजवावेत, मळ घासून काढावा, पाय कोरडे करून कोकमाचे तेल पातळ करून भेगांत भरावे आणि जुने सुती मोजे चढवून झोपावे. आठवड्यात फरक पडतो. मधुमेह असलेल्यांनी मात्र पाण्याचा गरमपणा आधी दुसऱ्या कोणाच्या हाताने पाहून घ्यावा आणि शेकोटीला पाय लावून बसू नये. त्यांच्या पायाची संवेदना कमी झालेली असते. कातडी भाजते, फोड येतो, आणि ते त्यांना दुसऱ्या दिवशी अंथरुणावर डाग दिसल्यावर कळते.